लाल सोडा आणि एक अर्पणपत्रिका

जूनमधलं ह्यूस्टन म्हणजे झाकण लावलेलं पातेलं. वारा नाही, घाम वाळत नाही. १९ जूनला इथल्या इमॅन्सिपेशन पार्कात जुनटीन्थच्या, म्हणजे टेक्सासातले गुलाम मुक्त झाल्याच्या दिवसाच्या, मेळ्याला गर्दी लोटते. त्या दिवशी प्रथमोपचाराच्या तंबूत माझी ड्युटी होती. मी मूळची साताऱ्याची, इथे नर्स आहे.

सकाळ नेहमीसारखी गेली. कुणाला उन्हाने गरगरलेलं, कुणाच्या टाचेत काच. दुपारी दोन पोरांनी एका आजींना धरून आणलं. वय ऐंशीच्या घरात, डोक्यावर झोकदार पांढरी हॅट, हातात स्ट्रॉबेरी सोड्याची बाटली. बीपी ९६ वर ६०. साखर बघितली तर २४०.

"मॅम, तो सोडा आधी खाली ठेवा."

"बेबी, आजच्या दिवशी लाल काहीतरी प्यायचंच असतं. सांडलेल्या रक्ताची आठवण आहे ती."

संक्रांतीला माझे मधुमेही काका तिळगुळाच्या बाबतीत हेच ऐकवायचे. मी वाद घातला नाही. त्यांना आडवं केलं, पाय उंचावर घेतले, मानेशी बर्फाच्या पिशव्या ठेवल्या आणि घोट घोट पाणी पाजत बसले.

तेवढ्यात स्टेजवरून उत्तरेच्या फौजेतल्या जनरल ग्रेंजरचा १८६५ सालचा हुकूम वाचायला सुरुवात झाली. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, पण टेक्सासातल्या सुमारे अडीच लाख गुलामांपर्यंत त्याचा अंमल पोचायला फौज गॅल्व्हेस्टनला उतरावी लागली. त्यात गेली अडीच वर्षं. 'सर्व गुलाम मुक्त आहेत' या वाक्याला टाळ्या कडाडल्या. पुढचा भाग मी पहिल्यांदाच ऐकत होते: मुक्त झालेल्यांनी आहे तिथेच गुमान राहावं, मजुरीवर काम करावं, आळसात बसणाऱ्याला कुणी पोसणार नाही. गर्दीतून हुर्यो उठली. आजी मिटल्या डोळ्यांनीच हसल्या.

"पिढ्यान् पिढ्या राबवून घेतलं, आणि आळशी आम्ही!"

मग त्यांनीच बागेची गोष्ट काढली. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी, रेव्हरंड जॅक येट्स यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने, १८७२ मध्ये पैसे उभे करून ही दहा एकर जमीन घेतली. हा दिवस साजरा करायला हक्काची जागा हवी म्हणून. आणि बागेला लागून जाणाऱ्या रस्त्याला नाव कुणाचं, तर गुलामी टिकवायला लढलेल्या फौजेतल्या डाउलिंगचं. ते बदलायला २०१७ उजाडलं.

१८७२ ऐकून माझ्या हातातला ग्लास थांबला. आमचे आजोबा सत्यशोधकी वळणाचे, घरातली लग्नं भटजीविना लागलेली. फुल्यांच्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका त्यांना पाठ होती. ते पुस्तक १८७३ चं. मी उत्साहाने सांगितलं, की तुमच्या लोकांनी ही जमीन घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्याकडे पुण्यात एका माणसाने जातीच्या गुलामीवर पुस्तक लिहिलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं.

त्यांनी डोळे उघडले. "सदाचारी लोक. म्हणजे गोरे?"

मला पटकन उत्तर सुचेना.

"गुलामी संपवणाऱ्या त्या यादवी युद्धात आमचे जवळजवळ दोन लाख काळे पुरुष लढले, बेबी. तो सदाचार त्याने धरला का?"

इतकी वर्षं ती अर्पणपत्रिका मी अभिमानाने सांगत आले, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी एवढंच म्हणाले, की आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र भावंडांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं, ही आशा त्याने तिथेच लिहून ठेवली आहे.

"मग?" आजी म्हणाल्या. "गिरवला?"

बाहेर ढोल सुरू झाले होते. मी पुन्हा बीपी घेतलं, ११० वर ७०. त्या उठून बसल्या, हॅट सारखी केली, सोड्याची बाटली उचलली आणि माझ्याकडे बघत एकच घोट घेतला. मी हरकत घेतली नाही.

जाताना म्हणाल्या, "पुस्तकाचं नाव लिहून दे." त्यांच्या बीपी-साखरेच्या चिठ्ठीवरच, २४० च्या खाली, मी इंग्रजीत लिहिलं: गुलामगिरी, फुले, १८७३. चिठ्ठी पर्समध्ये टाकून त्या पोरांच्या हाताला धरून निघाल्या. तोवर मुरगळलेल्या पायाची एक मुलगी तंबूच्या दारात उभी होती.