डब्यावरचे नाव एकच

एका पतसंस्थेच्या बारा शाखांचे राउटर आणि शेहेचाळीस संगणक यांची देखभाल मी कोल्हापुरातील मुख्य कार्यालयातून एकट्याने करतो. पूर्वी एखादा पासवर्ड बदलायचा म्हटले तरी बारा वेळा लॉगिन करावे लागे आणि नवव्या शाखेपर्यंत पोहोचेतो आधीच्या आठांत काय केले ते आठवत नसे. हे थांबवण्यासाठी मी दोन महिने घालवून सगळे काम एकाच ठिकाणाहून अनेक यंत्रांना आज्ञा देणाऱ्या अ‍ॅन्सिबलवर आणले. त्यातील पत्त्यांच्या मांडणीचा मला आजही अभिमान वाटतो, कारण शाखा क्रमांक सात म्हणजे 10.20.7 हे जाळे, हे एकदा ठरवल्यावर राउटरचा पत्ता, प्रिंटरचा पत्ता आणि शाखेला मुख्य कार्यालयाशी इंटरनेटवरून सुरक्षितपणे जोडणाऱ्या वायरगार्डच्या बोगद्याचा पत्ता असे सारे त्या एका आकड्यावरून आपोआप तयार होते. प्रत्येक शाखेसाठी हाताने लिहायच्या गोष्टी फक्त दोन उरल्या : शाखा क्रमांक आणि इंटरनेट जोडणीचे वापरकर्तानाव.

संगणकांनी त्रास दिला होता तो जरुरीपेक्षा जास्त सारखे असल्यामुळे. एका चकतीवरून सर्वांची प्रत काढल्याने दुरून लॉगिन करताना यंत्र ओळखण्यासाठी लागणारी त्यांची एसएसएचची ओळख-किल्ली एकच निघाली आणि एका यंत्राने दुसऱ्याचे नाव सांगितले असते तरी मला ते कळले नसते. मी प्रत्येकावर नवीन किल्ली तयार केली आणि तो विषय तिथेच संपवला. राउटरच्या बाबतीत मात्र अडचण नेमकी उलटी असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

लेखापरीक्षकांनी सीसीटीव्हीचे यंत्र काउंटरच्या संगणकांपासून वेगळ्या जाळ्यात ठेवण्याची सूचना केली, आणि ती रास्तच होती. त्यासाठी राउटरमधील नेटवर्कची फाईल बदलणे आले. आमच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त कार्यप्रणाली आहे. त्यांच्या तुटपुंज्या साठवणुकीत मी नेहमीच्या आज्ञांना लागणारी पायथन ही भाषा बसवत नाही, म्हणून अ‍ॅन्सिबलला तिथे कच्च्या आज्ञा पाठवाव्या लागतात. प्रत्यक्ष बदलाआधी मी नियमाप्रमाणे कोरडी फेरी, म्हणजे काहीही न बदलता केलेली चाचणी, घेतली आणि तिच्यात चूक दाखवणारी एकही लाल ओळ दिसली नाही. कच्च्या आज्ञा कोरड्या फेरीत तपासल्या जात नाहीत, नुसत्या वगळल्या जातात, हे मी वाचलेले होते. पण त्या संध्याकाळी लाल ओळ नसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

शुक्रवारी शाखा बंद झाल्यावर मी आज्ञा सोडली. अ‍ॅन्सिबल मुळात एका वेळी पाच यंत्रे हाताळते. पहिली पाच बदलून बोगद्यावर परत आलेली पाहिली आणि मी चहाला गेलो. परत आलो तेव्हा गगनबावडा, आजरा आणि चंदगड या सर्वांत नव्या तीन शाखा गायब होत्या.

कारण शोधायला तासभर लागला. बाराही राउटर एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे, पण नऊ यंत्रांच्या तळाला बारीक अक्षरांत दुसरी आवृत्ती लिहिलेली आणि तिघांच्या तळाला पाचवी. दुसऱ्या आवृत्तीत आतल्या आणि बाहेरच्या जाळ्यासाठी ईथ1 आणि ईथ0 अशी दोन स्वतंत्र इंटरफेस, म्हणजे जोडणीची दारे, आहेत. पाचवीत फक्त ईथ0 असून त्याचेच व्हीएलएएनने, म्हणजे एकाच जोडणीवर वेगळी जाळी करण्याच्या पद्धतीने, दोन भाग केलेले आहेत. माझी फाईल त्या तिघांना अस्तित्वातच नसलेल्या ईथ1 वर काउंटर चालवायला सांगत होती. आमची खरेदी समिती तीन कोटेशने मागवून सर्वांत स्वस्त दर पाहते आणि ‘मॉडेल तेच आहे ना?’ एवढे विचारून सही करते. मात्र तिला बोल लावण्याचा अधिकार मला नाही, कारण डेडस्टॉक रजिस्टरमध्ये निवृत्त झालेल्या आमच्या भांडारपालांनी तिन्ही राउटरपुढे आवृत्ती लिहून ठेवली होती आणि माझ्या यादीत तो रकानाच नव्हता.

शनिवारी पहाटे चंदगडला निघालो. ते शंभराहून अधिक किलोमीटर दूर. मी पोहोचलो तेव्हा पिग्मी एजंट भरण्याच्या पिशव्या घेऊन बाकावर बसले होते आणि शाखेतील मॅडम प्रत्येकाला ‘सर आलेत, आता होईल’ असे सांगत होत्या. राउटर चालू होताना दिवा लुकलुकू लागताच बटण दाबून त्याला फेलसेफमध्ये, म्हणजे बिघडलेली मांडणी बाजूला ठेवून चालू होण्याच्या अवस्थेत, घेतले, 192.168.1.1 वर शिरून जुनी फाईल परत ठेवली आणि पाच मिनिटांत काउंटर सुरू झाले. येताना आजरा केले. गगनबावडा दुसऱ्या टोकाला असल्याने तिथे पोहोचेपर्यंत शाखा बंद व्हायची वेळ झाली होती.

आता प्रत्येक राउटर बदलापूर्वी आपली आवृत्ती स्वतः सांगतो आणि फाईल त्यावरून ठरते. शाखाही एकेक करूनच घेतो. शिवाय बदल करण्याआधी जुन्या फाईलची प्रत काढून तीन मिनिटांचे मोजमाप लावतो. तेवढ्यात मी बोगद्यातून परत शिरून होकाराची खूण ठेवली नाही, तर जुनी फाईल आपोआप परत येते. ज्युनिपर कंपनीच्या राउटरमध्ये ही सोय अंगचीच असते आणि तिथे मुदत न सांगितल्यास ती दहा मिनिटे धरली जाते. आमच्या स्वस्त राउटरमध्ये बॅटरीवरचे घड्याळही नाही, त्यामुळे ‘अमुक वाजता परत फिर’ असे सांगून भागत नाही, सेकंदच मोजावे लागतात.

ही व्यवस्था टेबलावरच्या राउटरवर चार वेळा तपासून मी मुद्दाम चंदगडवर, तेही शाखा उघडी असताना, चालवली. जोडणी तुटली आणि मी सेकंद मोजत बसलो असतानाच फोन वाजला. ‘सर, नेट गेलं होतं,’ मॅडम म्हणाल्या, ‘पण काळजी करू नका, मी राउटर बंद करून परत चालू केलाय.’ त्यासरशी मोजमाप पुसले गेले आणि नवी फाईल तशीच कायम राहिली. या खेपेला ती फाईल बरोबर होती, म्हणून निभावले. त्याच रात्री मी आणखी एक तपासणी लिहिली : राउटर चालू होताना होकाराची खूण दिसली नाही, तर सर्वांत आधी जुनी फाईल परत ठेवायची.