तुम्ही विचारलंत म्हणून: अगाथा ख्रिस्ती संपली, आता कोण?

वाचनालयाच्या काउंटरवर बसायला लागून बरीच वर्षं झाली आणि हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच, की ख्रिस्तीची सगळी वाचून झाली, आता कोणाचं देता? माझं उत्तर ठरलेलं, पी. डी. जेम्स. मग समोरून हमखास येतं, "हा कोण जेम्स?" हा नाही हो, ही! फिलिस डोरोथी जेम्स, इंग्लंडची रहस्यकथा लेखिका. 1920 साली ऑक्सफर्डला जन्मली, 2014 मध्ये तिथेच गेली.

वडील इन्कम टॅक्स खात्यात, घरात पैसा बेताचा, त्यामुळे सोळाव्या वर्षीच शाळा सुटली. आईला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं होतं. 1941 ला एका डॉक्टरशी लग्न झालं, दोन मुली झाल्या, आणि नवरा युद्धावरून परत आला तो मानसिक आजार घेऊनच. हा आजार सैन्यातल्या नोकरीमुळे झाला असं सरकारनं मानलंच नाही, म्हणजे पेन्शनही नाही. नवरा सारखा हॉस्पिटलमध्ये, मुली लहान, कमावणारी ही एकटी. मग सासरच्यांचा आधार घेऊन संध्याकाळच्या क्लासला जाऊन हॉस्पिटलचा कारभार शिकली आणि 1949 पासून लंडनच्या हॉस्पिटल बोर्डात नोकरीला लागली.

लेखिका व्हायचं तर लहानपणापासून मनात होतं, पण तिशी उलटली तरी पुस्तक नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं की सोयीची वेळ कधी येणारच नाहीये, आणि आत्ता सुरू केलं नाही तर उद्या नातवंडांना सांगत बसावं लागेल की मला खरं तर लेखिका व्हायचं होतं. मग पहाटे उठून, ऑफिसला जायच्या आधी, जमेल तेवढं लिहायचं असं करत करत 'कव्हर हर फेस' पुरं झालं. छापून आलं 1962 ला, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर. त्यातला पोलीस अधिकारी ॲडम डॅलग्लिश कविताही करतो, त्याचं आडनाव तिनं शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंचं घेतलं. 1964 ला नवरा गेला. नोकरी मात्र चालूच.

मला तिची सगळ्यात आवडती गोष्ट इथेच आहे. पोटासाठी केलेल्या नोकरीतलं तिनं काही म्हणता काही वाया घालवलं नाही. 'श्राउड फॉर अ नाइटिंगेल' (1971) ची सुरुवात बघा. नर्सिंग ट्रेनिंग स्कूल, इन्स्पेक्शनला बाहेरून मॅडम आल्यात, मुली इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये उभ्या. नळीतून पेशंटच्या पोटात दूध कसं सोडायचं याचं प्रात्यक्षिक, आणि पेशंट म्हणून त्यांच्यातलीच एक मुलगी पलंगावर झोपलीये. नळी जाते, दूध सोडायला लागतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती मुलगी तडफडून मरते. दुधाच्या जागी भलतंच काही गेलेलं असतं! त्या खोलीतली शिस्त, सीनियरचा धाक, इन्स्पेक्शनच्या दिवशीची टापटीप, हे आत वावरलेल्या माणसालाच लिहिता येतं.

1968 ला ती परीक्षा देऊन होम ऑफिसात, म्हणजे तिथल्या गृहखात्यात गेली, तिथे पोलीस आणि गुन्हेविषयक धोरणाचं काम, आणि 1977 ला फॉरेन्सिक लॅबमधल्या खुनावरचं 'डेथ ऑफ ॲन एक्स्पर्ट विटनेस' आलं. नोकरी सुटली ती 1979 ला. पुढच्याच वर्षीच्या 'इनोसंट ब्लड'नं तिला भरपूर पैसा मिळवून दिला, साठाव्या वर्षी! 1991 ला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात गेली. आणि 2009 मध्ये, वय 89, बीबीसी रेडिओवर खुद्द बीबीसीच्या डायरेक्टर जनरलला समोर बसवून वरिष्ठांच्या भरमसाट पगारांबद्दल असे नेमके प्रश्न विचारले की त्याची चांगलीच पंचाईत झाली.

ख्रिस्तीची सवय असेल तर आधीच सांगते, ही सावकाश आहे. घर, खोली, टेबलावरच्या वस्तू, सगळं सांगत बसते, आणि काही सभासद पन्नास पानांत पुस्तक परत आणून देतात. त्यांना मी म्हणते अजून थोडं वाचा, कारण हिच्याकडे खून झाला की ज्याला प्रेत सापडलं त्याचीही झोप उडते, मागे राहिलेल्यांची आयुष्यं विस्कटतात, आणि खुनी सापडला म्हणून ती परत जाग्यावर येत नाहीत.

कुठून सुरू करू म्हणाल तर 'नाइटिंगेल'पासूनच. ते बाहेर गेलेलं असेल तर 'ॲन अनसुटेबल जॉब फॉर अ वुमन' न्या, त्यात कॉर्डेलिया ग्रे नावाची बाविशीतली मुलगी एकटीनं डिटेक्टिव्ह एजन्सी चालवते. आमच्याकडे दोन्हीची एकेकच प्रत आहे, तेव्हा नंबर लावून ठेवा.