पैठणीचा खरा रंग दाखवणारा दिवा: माझा अनुभव

गेल्या आषाढात वहिनींच्या दोन पैठण्या एकाच आठवड्यात परत आल्या. एक डाळिंबी, दुसरी वांगी रंगाची. दोन्ही गिऱ्हाइकांची तक्रार एकच, फोटोत रंग वेगळा दिसत होता. वहिनी येवल्याहून विणकरांकडून साड्या आणतात आणि पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात फोटो, व्हिडिओ काढून विकतात. उन्हाळ्यात खिडकीचा उजेड पुरतो. पावसाळ्यात दुपारीच अंधारून येतं, मग ट्यूब, बल्ब, असेल ते लावून भागवायचं. परत आलेली डाळिंबी साडी त्यांनी माझ्यासमोर उलगडली आणि मोबाइलवरचा फोटो पदराला लावून धरला. फोटोतला रंग चक्क विटकरी होता. "भावजी, मी कुणाला फसवलेलं नाही हो," एवढंच म्हणाल्या. ते मनाला फार लागलं.

मी अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, पॅनल वायरिंग रोजचंच. म्हटलं, दिवा मी करून देतो.

पहिला प्रयत्न घाईचा होता. बाजारातून साधी १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणली, सनबोर्डच्या, म्हणजे हलक्या फोमच्या पाटीच्या, तुकड्यावर ओळीने चिकटवली आणि अडॅप्टर जोडला. अर्ध्या तासात बोर्ड मधोमध फुगला, पट्ट्यांच्या मागची टेप सुटून त्या लोंबायला लागल्या. एलईडी तापत नाही असं आपण म्हणतो, पण तिला दिलेल्या विजेतला बराचसा भाग उष्णताच होतो. ती मागून निघून गेली पाहिजे, आणि सनबोर्ड तिला अडवून धरतो. शिवाय रंग? डाळिंबी तरीही विटकरीच.

म्हणून आधी रंगाचंच मूळ शोधलं. पांढरी एलईडी मुळात निळी असते. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर असतो, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. स्वस्त एलईडीत या उजेडात गडद लाल भाग फार कमी असतो. जो रंग उजेडातच नाही तो साडी परत कुठून देणार? पाकिटावर सीआरआय ८० लिहिलेलं असतं, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा. ते वाचून बरं वाटतं. पण तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल त्यात धरतच नाहीत, त्याचा वेगळा आकडा असतो, आर९. पैठणीसाठी मला तोच महत्त्वाचा होता. शेवटी सीआरआय ९५ आणि आर९ चांगला असलेली, ५००० केल्विनची (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखी पांढरी), २४ व्होल्टची पट्टी मागवली. साध्या पट्टीपेक्षा बरीच महाग पडली, पण इथे पैसे वाचवण्यात अर्थ नव्हता.

१०० वॅटची एकच मोठी चिप बसवणं सोपं गेलं असतं. पण एका ठिपक्यातून येणारा उजेड जरीवर पडला की ती नुसती चमकते आणि काठावरचे मोर त्या चकाकीत हरवतात. जरीला मोठा, मऊ उजेड लागतो. म्हणून दोन फूट बाय दोन फुटांचा पॅनल ठरवला.

पत्रा भंगारातून घेतला, २ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा. भरला दोन किलो. पॉलिश पेपर मारून, थिनरने पुसून घेतला. तेलाचा एक बोटाचा ठसा राहिला तरी टेप तिथूनच सुटते. पट्टी दर ५ सेंटिमीटरला कापता येते, म्हणून ५५ सेंटिमीटरचे १८ तुकडे केले. मीटरला १४.४ वॅट, म्हणजे सगळे मिळून साधारण १४३ वॅट. २४ व्होल्टवर ६ अँपिअरच्या आसपास. एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे २४ व्होल्ट करून देणारा डबा, २०० वॅटचा घेतला, कारण त्याला पूर्ण ताकदीने तासन् तास पळवणं बरं नाही.

वायरिंगचं थोडं सविस्तर सांगतो, कारण बरेच जण इथेच चुकतात. दहा मीटरची पट्टी एकामागे एक जोडून एका टोकाला करंट दिला तर शेवटची टोकं मंद होतात, पट्टीतलं तांबं तेवढं पातळ असतं. मी दोन्ही बाजूंना जाड वायर उभी टाकली, एकीकडे प्लस, दुसरीकडे मायनस, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र जोडला. प्लसला करंट वरच्या कोपऱ्यातून दिला, तर मायनस समोरच्या खालच्या कोपऱ्यातून घेतला. त्यामुळे वरच्या काय नि खालच्या काय, सगळ्या तुकड्यांना वायरची लांबी सारखीच पडते.

उजेड कमी-जास्त करायला आधी साधा डिमर लावून पाहिला. तो एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. डोळ्याला कळत नाही, पण मोबाइलच्या व्हिडिओत काळे आडवे पट्टे सरकताना दिसले. डिमर काढून टाकला. प्लसची वायर तीन वेगळ्या वायरींत वाटली, दर तिसरा तुकडा एका स्विचवर, असे तीन स्विच. एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण. एवढं पुरतं, आणि पट्टे नाहीत.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा उजेड लागलाच नाही. एसएमपीएसमधून टिक... टिक... टिक असा आवाज, आणि प्रत्येक टिकला पट्ट्या क्षणभर लुकलुकायच्या. शॉर्ट असला की तो स्वतःला वाचवण्यासाठी असा बंद-चालू होत राहतो. स्विच एकेक करून बंद केले तर दुसऱ्या गटात दोष सापडला. तिथे एका तुकड्याचं कापलेलं प्लसचं टोक पत्र्याला टेकलं होतं. तेवढ्याने बिघडलं नसतं, पण खाली दुसऱ्या टोकाला मायनसचं सोल्डरही टेकलेलं निघालं. सगळी ३६ टोकं उचलून खाली तपकिरी कॅप्टॉन टेप घातली, ती उष्णता सोसते आणि वीज पलीकडे जाऊ देत नाही. रात्रीचे दोन वाजले.

खरी भीती वाटली ती नंतर. पॅनल घरी नेला, वहिनींनी तो हलवायला मागून हात लावला आणि दचकल्या. "मुंग्या येतायत हो हाताला!" मी लगेच प्लग उपसला. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर जवळपास निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, पण अर्थिंग नसलेल्या घरात आतला एखादा दोष जिवावर बेतू शकतो. सॉकेट उघडलं तर वरच्या मोठ्या भोकाला वायरच नव्हती. तीन पिनांचं सॉकेट, आणि अर्थिंग नाही. इतकी वर्षं आम्ही मिक्सर, इस्त्री त्यावरच चालवत होतो! दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावला, मीटरजवळच्या अर्थिंगपासून हिरवी वायर ओढून घेतली, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. पत्र्याला अर्थिंगचा वेगळा बोल्ट मारला. एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या टर्मिनलवर झाकण घातलं. घरी दिवा करणाऱ्या प्रत्येकाने पट्टी विकत घेण्याआधी आपलं सॉकेट तपासावं, असं मी कळकळीने सांगतो.

पुढे पाटीवाल्याकडून दुधी ॲक्रिलिक कापून आणलं. पट्ट्यांपासून सहा सेंटिमीटर पुढे बसवल्यावर ठिपके दिसेनासे झाले. थोडा उजेड त्यात खर्ची पडतो, ते चालतं. तासभर पूर्ण लावून मागून पत्र्याचं तापमान मोजलं: ५४ अंश. खोलीत ३० होतं.

मग तीच परत आलेली डाळिंबी साडी मांडली. खोलीतली ट्यूब बंद, खिडकीचा पडदा ओढलेला, पॅनल एका बाजूने तिरका. मोबाइलचा व्हाइट बॅलन्स लॉक केला, नाहीतर तो दर फोटोला आपल्या मनाने रंग बदलतो. वहिनींनी फोटो काढला आणि मोबाइल पदराशेजारी धरला, पहिल्या दिवसासारखाच. बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. "हाच," म्हणाल्या.

ती साडी त्याच फोटोवर दसऱ्याच्या आधी गेली. आता वजनाने स्टँड मागे कलतो म्हणून पायाशी वाळूची पिशवी ठेवली आहे, आणि वांगी रंगाच्या साडीची पाळी उद्या आहे.