नळ आला, पण पाणी?

आज दिवसभर ग्रुपसोबत वस्तीतलं पाणी तपासत होतो आणि अजून डोक्यात तेच चाललंय. नळाला क्लोरीन बरोबर निघालं, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं लागतं तेवढं होतं, पण तेच पाणी घरातल्या भांड्यातून घेऊन टेस्ट केलं तर बऱ्याच घरांत काहीच नाही! म्हणजे बिघडतंय ते साठवताना, भांडं उघडं, त्यात हातासकट बुडवलेला ग्लास. मग आमच्या ग्रुपमधल्या ताया घरोघरी बसून दाखवत होत्या, झाकण ठेवा, लांब दांड्याचं ओगराळं वापरा, क्लोरीन टाकल्यावर अर्धा तास थांबा मगच प्या. खरं सांगू, मला हे काम टाकी बांधण्याएवढंच मोठं वाटतं, कारण लहान पोरांना जुलाब होतात ते अशाच पाण्यातून. आणि संडासाचा खड्डा विहिरीला खेटून असेल तर नुसत्या झाकणाने भागत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्येच पाणी आणि स्वच्छता हा माणसाचा हक्क मानलाय, तो या घरांपर्यंत पोचायलाच हवा. पुढच्या रविवारी खड्डे आणि विहिरींमधलं अंतर मोजणार आहोत, माणसं कमी पडतायत, येणार असाल तर मेसेज करा.