मायोडी, उलटा प्रोब आणि जांभळे पट्टे

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात माझ्याकडे आलेले काम ऐकायला सोपे होते: कोंबडीच्या भ्रूणात मायोडी हे जनुक कोठे सक्रिय होते, ते रंगवून दाखवायचे. फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतील) पेशींत हे एकच जनुक चालू केले तर त्यांच्या स्नायूपेशी होतात, हे सिअ‍ॅटलमधील संशोधकांनी १९८७ साली दाखवले होते. गंमत म्हणजे, उंदरातून एकटे मायोडी काढून टाकले तरी स्नायू जवळजवळ नेहमीसारखेच तयार होतात, कारण मिफ-५ हे त्याचे भावंड जनुक ती उणीव भरून काढते. दोन्ही काढल्यावर मात्र सांगाड्याला जोडलेले स्नायू बनतच नाहीत.

फलित अंडी ३८ अंश सेल्सिअसला तीन दिवस उबवून भ्रूण काढायचे, पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करायचे, प्रोटिनेजने (प्रथिने तोडणाऱ्या विकराने) किंचित सैल करायचे (मिनिटभर जास्त झाले, तर भ्रूण चिमट्यावरच विरघळतो), मग मायोडीच्या आरएनएला चिकटणारा प्रोब घालून रात्रभर ६५ अंशांवर ठेवायचे आणि शेवटी प्रतिपिंडाला जोडलेल्या विकराकडून जांभळा रंग उमटवून घ्यायचा, असा हा चार दिवसांचा क्रम होता.

पहिल्या वेळी रंग उमटलाच नाही. हातमोज्यांवरील किंवा टेबलावरील आरएनेजने (आरएनए तोडणाऱ्या विकराने) प्रोब खाल्ला असणार, अशी खात्री करून घेऊन मी सगळे टेबल पुसले, द्रावणे नव्याने बनवली आणि पुन्हा चार दिवस घालवले, निकाल तोच. मॅडमनी मात्र माझ्या भ्रूणांकडे न बघता विचारले, "कंट्रोल कुठे आहे?" कंट्रोलच्या, म्हणजे मुद्दाम न चिकटणारा प्रोब घातलेल्या ज्या नळीत काहीच दिसायला नको होते, त्या नळीतील भ्रूणांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना रेखीव जांभळे पट्टे होते. ज्यावरून प्रोब बनवतात त्या प्लाझ्मिडचा (छोट्या वर्तुळाकार डीएनएचा) नकाशा मी उलटा वाचला होता. एका टोकाकडून खरा प्रोब बनतो, दुसऱ्याकडून कंट्रोलचा; टी-७ आणि एसपी-६ या टोकांची अदलाबदल झाल्याने खरा प्रोब कंट्रोलच्या नळीत गेला होता. पहिल्या वेळचे कंट्रोल मी न बघताच टाकून दिले होते, हे त्यांना सांगायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला.

ते पट्टे म्हणजे कायखंडांतील (भ्रूणाच्या पाठीवर जोडीजोडीने बनणाऱ्या ठोकळ्यांतील) भावी स्नायूंच्या पेशी. कोंबडीत साधारण दर ९० मिनिटांना कायखंडांची एक नवी जोडी तयार होते, त्यामुळे मानेकडे जुने आणि शेपटीकडे नवे असा कालक्रम एकाच भ्रूणावर वाचता येतो. माझ्या भ्रूणातही शेपटीकडे पट्टे फिके होत नाहीसे झाले होते. पंखाचा फुगवटा मात्र कोरा होता. स्नायूंच्या पूर्वज पेशी कायखंडांतून निघून तेथे पोचलेल्या असतात, पण त्या अजून पॅक्स-३ या आधीच्या टप्प्यातील जनुकावर चालत असतात, मायोडी सुरू झालेले नसते. पाचव्या दिवसाच्या भ्रूणावर, या वेळी प्रोबच्या नळ्या दोनदा तपासून, मी तोच प्रयोग केला, तेव्हा पंखाच्या अंकुरात वरच्या आणि खालच्या बाजूला एकेक जांभळा पुंजका दिसला.