मागच्या काचेवरची तेवीस

३ ऑगस्ट, शनिवार

मे महिन्यात उजवा खांदा जखडला, तेव्हापासून हात डोक्याच्या वर जात नाही. माझ्या समुद्री मत्स्यालयाच्या टँकची पुढची काच चुंबकाच्या घासणीने पुसत होते, मागची तशीच सोडून दिली होती. आज डाव्या हाताने पातं घेऊन मागची काच खरवडायला बसले. दोन फटकारे मारले आणि पात्याखाली काहीतरी करकरलं.

शेवाळ करकरत नाही. नळीतल्या किड्यांचे पांढरे ठिपके करकरतात, पण ते असे चिवट नसतात. पातं बाहेर काढून बघितलं तर कडेला गुलाबी-तपकिरी बुळबुळीत काहीतरी आणि त्यात पांढरी भुकटी. घरातले दिवे बंद केले, भिंत आणि टँक यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत मोबाईल सरकवून फोटो काढला आणि मोठा करून बघितला.

प्रवाळ. माझ्या पोसिलोपोराची पिल्लं.

मोजली तर तेवीस. सोळा मागच्या काचेवर, चार पॉवरहेडच्या, म्हणजे पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या, काळ्या जाळीवर, दोन पाणी आत येतं त्या पाइपावर आणि एक चक्क गोगलगायीच्या शंखावर, तिच्याबरोबर टँकभर फिरतंय. मी खरवडली ती दोन वेगळी. त्या दोघांचं वाईट वाटतंय, दिवसभर वाटत राहिलं.

४ ऑगस्ट, रविवार. रात्री साडेअकरा

भिंग आणि लाल प्लॅस्टिक गुंडाळलेली बॅटरी घेऊन तासभर बसले होते. सगळ्यात लहान पिल्लू मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं आहे. काचेवर चपटी टिकली, मधोमध एक तोंड आणि भोवती बारा शुंडक, म्हणजे सोंडेसारखे बारीक हात. बाराच आहेत, तीन वेळा मोजले. प्रत्येकाचं टोक पांढरं, सुईच्या अग्रासारखं. अंग इतकं पातळ की आतला सांगाडा आरपार दिसतो, मध्यापासून कडेकडे गेलेल्या बारा पांढऱ्या रेघा. अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढताना आधी मधला ठिपका आणि मग बाहेरची वळणं घालतात ना, अगदी तसं. जी थोडी मोठी आहेत त्यांनी मधल्या पॉलिपच्या, म्हणजे एका तोंडाच्या त्या जीवाच्या, भोवती नवे पॉलिप काढायला सुरुवात केली आहे. एकाभोवती सहा झालेत.

भरल्या टँकमध्ये, २६ अंश पाण्यात, चुना गोळा करून हे एवढंसं अंग आपलं घर बांधतंय. मी महिन्याला दोनदा कॅल्शियम तपासते, ४२० आलं की वहीत लिहिते आणि टेस्ट किट मिटवून ठेवते. तो आकडा कुठे जातो हे आज डोळ्यांनी बघितलं.

७ ऑगस्ट, बुधवार

आईला फोनवर सांगितलं. मालवणात तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. ती आधी काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "काय गो, पोवळ्याक पिलां झाली?"

आईच्या लेखी पोवळं म्हणजे आजीच्या अंगठीतला लाल खडा, मंगळासाठी घातलेला. तो भूमध्य समुद्रातल्या वेगळ्याच जातीच्या प्रवाळाचा असतो, हे मी तिला पूर्वी सांगितलंय. लहानपणी किनाऱ्यावर वाहून आलेले प्रवाळाचे मेलेले, पांढरे तुकडे मी फ्रॉकच्या खिशात भरून आणायचे आणि आजी त्यातला एखादा तुळशीपाशी ठेवायची. आता भारतात सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणातल्या घरी असा टँक मी ठेवूच शकले नसते, आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं. इथे लंडनमध्ये माझ्याकडे आहे तो दुसऱ्या एका हौशी माणसाच्या टँकमधून कापून घेतलेला फ्रॅग, म्हणजे छोटा तुकडा. तीन वर्षांपूर्वी दोन पेरांएवढा होता, आज फ्लॉवरच्या लहान गड्ड्याएवढा झालाय.

आईने विचारलं, नर कुठे आहे? खरा प्रश्न तिनेच विचारला.

टँकमध्ये पोसिलोपोरा एकच आहे. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पोसिलोपोरावर अभ्यास झाला, त्यात असं आढळलं की त्याच्या अळ्या अनेकदा जनुकांनी हुबेहूब आईसारख्याच असतात. म्हणजे मीलनाशिवाय झालेल्या. ती अळी, प्लॅन्युला, आईच्या पोटातच वाढते. आत राहणारं सोबतीचं शैवाल आईकडूनच घेऊन बाहेर पडते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रकाशावर जगू शकते. आकाराने तांदळाच्या कणीएवढी. काही तासांत चिकटते, नाहीतर कित्येक आठवडे तरंगत राहते.

हे सगळं आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मगे केळीसारख्याच झाला."

मला इतकं नेमकं सुचलं नसतं. परसात केळीच्या बुंध्याशी कोंब फुटतात त्यांनाही आम्ही पिल्लंच म्हणतो. ती केळ मेली तरी पिल्लाच्या रूपाने तीच उभी राहते. फक्त केळीचं पिल्लू आईच्या पायाशी उगवतं आणि माझी ही पिल्लं आईपासून सुटून, पोहत, टँकच्या दुसऱ्या टोकाला अंधाऱ्या काचेवर जाऊन बसली. आता मनातल्या मनात मी त्यांना लेकी म्हणायचं थांबवलंय. ती सगळी तीच आहे, तेवीस ठिकाणी.

११ ऑगस्ट, रविवार

मनात शंकेचा किडा आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात उकाडा झाला तेव्हा पाणी २८.४ पर्यंत चढलं होतं. मी बर्फाच्या बाटल्या सोडल्या, पंखा लावला, तरी तीन दिवस उतरलं नाही. काही प्रवाळ त्रासात असताना पॉलिप सांगाडा सोडून निघून जातात आणि जमलं तर दुसरीकडे बसतात. ही पिल्लं म्हणजे माझ्या चुकीमुळे घर सोडून पळालेले पॉलिप तर नाहीत?

आज मूळ पोसिलोपोराची कॉलनी फांदी फांदी करून तपासली. तसं झालं असतं तर कुठेतरी उघडा पांढरा सांगाडा राहिला असता. एकही जागा रिकामी नाही, पॉलिप नीट फुललेले आहेत. शिवाय सगळी पिल्लं साधारण एकाच वयाची दिसतात, दोन-तीन मोठी सोडली तर. त्यामुळे अळ्याच, असं मी धरून चालले आहे. जीव थोडा भांड्यात पडला.

दुपारी जुने फोटो काढले. काही वर्षांपूर्वी फॉरेस्ट हिलच्या हॉर्निमन संग्रहालयात आम्ही गेलो होतो. तिथल्या मत्स्यालयातल्या मंडळींनी २०१२ पासून टाक्यांमध्ये समुद्राचं तापमान, दिवसाची लांबी, सूर्यास्ताची वेळ, अगदी चंद्राचा उजेडसुद्धा दिव्यांनी उभा केला आणि ॲक्रोपोरा प्रवाळांकडून वर्षातल्या ठरल्या रात्री अंडी सोडवून घेतली. २०१७ मध्ये पद्धत छापून सगळ्यांना मोकळी केली. २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या मत्स्यालयाने तिचाच आधार घेऊन खांबासारख्या वाढणाऱ्या, जवळपास नष्ट होत चाललेल्या प्रवाळाकडून पहिल्यांदा टाकीत अंडी मिळवली. एका चंद्राच्या दिव्यासाठी इतकी माणसं इतकी वर्षं खपली. माझ्या पोसिलोपोराला मी काहीच दिलं नव्हतं. तो दुसऱ्या रीतीचा प्रवाळ आहे, पाण्यात अंडी न सोडता पोटात पिल्लं वाढवणारा, म्हणून हे घरात जमू शकलं. हे माझं कसब नाही, आणि मला ते तसं मिरवायचंही नाही.

यंदाच्या, म्हणजे २०२४च्या, एप्रिलात जगभरातल्या प्रवाळांचं चौथं मोठं विरंजन, म्हणजे तापलेल्या पाण्याने प्रवाळ पांढरे पडणं, जाहीर झालं. ती बातमी वाचल्यावर महिनाभर टँककडे बघवत नव्हतं. आता रोज रात्री बघते.

१९ ऑगस्ट, सोमवार. नारळी पौर्णिमा

सकाळी आईने व्हिडिओ कॉलवर मालवणचं बंदर दाखवलं. नारळ लढवायला बायकांची ही गर्दी! नारळीभात इथेही केला, गूळ कमी पडला.

पोसिलोपोराचं अळ्या सोडणं चंद्राच्या कलांशी बांधलेलं असतं, काही ठिकाणी पौर्णिमेच्या आसपास, काही ठिकाणी अमावास्येच्या. माझ्या टँकला चंद्र कुठून दिसणार, पण उमेद होती. रात्री दहाला पंप बंद केले, फेसातून पाण्यातली घाण काढणारा स्किमरही बंद केला, कारण त्यात अळ्या ओढल्या जातात. नवराही खुर्ची घेऊन शेजारी बसला. बाराच्या सुमाराला फांद्यांच्या मधून एक तपकिरी कणी वर आली. वळवळत नव्हती, स्वतःभोवती फिरत, तिरकी, हळूहळू पुढे जात होती. नवऱ्याने श्वास रोखून धरला होता. ती पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत गेली, तिथे एक गोल वळण घेतलं आणि खाली खडकाच्या सावलीत दिसेनाशी झाली.

एकच. पुढे दोन वाजेपर्यंत दुसरी आली नाही. पंप सुरू करून झोपलो.

१ सप्टेंबर, रविवार

काचेवरची दोन गेली. एक गोगलगायीने चरताना उचकटलं, दुसरं पांढरं पडून दोन दिवसांत विरघळलं. पॉवरहेडवरची चारही छान आहेत, तिथे प्रवाह जोरात लागतो म्हणून बहुतेक. तो पंप दर तीन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये बुडवून साफ करायचा असतो. ते आता करता येणार नाही, चुना विरघळायला व्हिनेगरला वेळ लागत नाही. काल नवा पंप मागवला. जुना आवाज करू लागला तरी तिथेच राहील.

एका हौशी मित्राने दोन पिल्लं मागितली आहेत. काचेवरून सोडवताना तळ फाटतो, मी एकावर प्रयत्न करून बघितला आणि लगेच थांबले. द्यायचीच तर गोगलगायीसकट देईन, नाहीतर वर्षभर थांब असं त्याला सांगितलं. तो थांबतो म्हणाला.

खांदा सुटत आलाय. फिजिओने शुक्रवारी हात कानापर्यंत नेऊन दाखवला. डिसेंबरात तीन आठवडे मालवणला जायचंय, शेजारीण टँक बघणार आहे. तिच्यासाठी कागद लिहून ठेवला: रोज सकाळी आरओचं पाणी किती घालायचं, माशांना किती खाणं, तापमान किती झालं की फोन करायचा. सगळ्यात वर, लाल शाईत, एकच ओळ. मागच्या काचेला हात लावू नये.