सगळं हिरवं होतं, तरीही

लेकीचा इयर इलेव्हनचा पहिला रिपोर्ट आला तेव्हा मी डोसे घालत होते. फोनवर शाळेच्या ॲपची टिंग वाजली. एका हाताने उघडून बघितलं तर नऊ-दहा विषय, प्रत्येकापुढे तीन आकडे आणि जवळजवळ सगळे चौकोन हिरवेगार. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "चला, हिरवंय सगळं." आम्ही डोसे खाल्ले आणि विषय संपला.

तो रिपोर्ट खरा कळायला मला पुढे तीन आठवडे लागले. इथे नव्याने आलेल्या आपल्या बऱ्याच घरांत हेच होतं, म्हणून लिहितेय.

आम्ही फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्याहून इंग्लंडात, रेडिंगला आलो. ती तिकडे आठवीत होती, इथे तिला इयर नाइनमध्ये बसवलं. इयर इलेव्हन ऐकून अकरावी समजू नका. ती इथली दहावी, आणि तिच्या शेवटी जीसीएसई ही बोर्डाची परीक्षा. विषयवार ग्रेड मिळतात, ९ सगळ्यात वरची आणि १ सगळ्यात खालची. २०१७ पासून ए, बी, सी जाऊन हे आकडे आले. ४ म्हणजे साधा पास, ५ म्हणजे चांगला पास.

हे माझ्या वडिलांना समजावणं हाच एक प्रकल्प होता. अण्णा कराडला हायस्कूलात गणित शिकवायचे. मार्च-एप्रिल आला की आमच्या जेवणघरात प्रगतिपुस्तकांचे गठ्ठे असत. मी आकडे वाचायचे, ते लिहायचे, नापासाखाली लाल रेघ माझ्या धाकट्या भावाने मारायची. तर अण्णा व्हिडिओ कॉलवर विचारतात, "गणितात सात म्हणजे किती पैकी?"

"नऊ पैकी."

"म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के."

"तसं नसतं अण्णा." मग मी सांगितलं की गणिताचे तीन पेपर, २४० मार्क, आणि कितीला कुठली ग्रेड हे पेपर तपासून झाल्यावर ठरतं. अवघड पेपरात, म्हणजे हायर टियरला, वीस टक्क्यांच्या आसपास मार्कांना ४ मिळते.

बराच वेळ पलीकडून काही नाही. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाले, "वीस टक्क्याला पास?"

"पेपर अवघड असतो."

"आमचा काय सोपा होता?"

तर ते तीन आकडे. पहिला रकाना टार्गेट, दुसरा वर्किंग ॲट, तिसरा प्रेडिक्टेड. मी तिन्ही एकाच गोष्टीची तीन नावं समजत होते. खरं तर तिन्ही वेगळ्या ठिकाणाहून येतात. वर्किंग ॲट म्हणजे आजच्या आज परीक्षा घेतली तर काय मिळेल. प्रेडिक्टेड म्हणजे येत्या मे-जूनच्या खऱ्या परीक्षेत काय मिळेल याचा शिक्षकांचा अंदाज. आणि टार्गेट बहुतेक वेळा शिक्षकांनी ठरवलेलंच नसतं. प्राथमिकच्या शेवटी, अकराव्या वर्षी, सॅट्स नावाच्या परीक्षा होतात. तिथे तेवढेच मार्क पडलेली देशभरातली मुलं पुढे जीसीएसईला कुठवर गेली, यावरून ते निघतं. हे काढून देणारी एफएफटी म्हणून संस्था आहे. सरासरी शाळेच्या मापाने टार्गेट लावायचं की वरच्या वीस टक्के शाळांच्या मापाने, हे शाळा ठरवते. त्यामुळे त्याच मुलाला एका शाळेत ६ चं टार्गेट मिळेल आणि दुसरीत ७ चं. सगळ्याच शाळा तीन रकाने देतात असंही नाही. कुणी एकच आकडा देतं, कुणी त्यापुढे अधिक-उणे लावतं.

आणि हिरवा रंग? प्रेडिक्टेड आकडा टार्गेटइतका किंवा वर असला की हिरवा. बस्स. टार्गेटच बुटकं असेल तर पोर हिरव्यात न्हाऊन निघतं.

हे मला रिपोर्टवरून कळलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम होता. फराळाच्या रांगेत एक ताई भेटल्या, त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी यातून गेलेला. मी कौतुकाने सांगितलं, सायन्सला ५-५ आहे, टार्गेटवर आहे. (कम्बाईंड सायन्स दोन विषयांइतकं धरतात, म्हणून ग्रेड जोडीने येते.) त्यांनी चकली मोडता मोडता विचारलं, "फाउंडेशन की हायर?"

"म्हणजे?"

"अगं, टियर. फाउंडेशनला बसवलं असेल तर पाच-पाचच्या वर ग्रेडच नाहीये. सगळे पेपर अचूक सोडवले तरी नाही. घरी जा आणि आधी ते बघ."

घरी येऊन लेकीला विचारलं. "हो, फाउंडेशन. मी सांगितलं होतं."

"कधी?"

"मार्चमध्ये. तू हं म्हणालीस."

म्हटलं असणार. मार्चमध्ये मला फाउंडेशन म्हणजे काही तरी पायाभरणी वाटली असणार. आता लेकीला पुढे सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, बायोलॉजी घ्यायचं होतं. तिथे अट ६-६. म्हणजे टार्गेट ५-५, प्रेडिक्टेड ५-५, चौकोन हिरवा, आणि पोरीचं बायोलॉजीचं दार बंद.

त्याच आठवड्यात पेरेंट्स ईव्हनिंग होती. कोविडनंतर आमच्या शाळेत ती स्क्रीनवरच होते. एका शिक्षकाला पाच मिनिटं, कोपऱ्यात उलटं घड्याळ, आणि शून्य आलं की शिक्षक वाक्याच्या मध्यात नाहीसे. गणिताच्या सरांनी चार मिनिटं चाळीस सेकंद तिचं कौतुक केलं. मग म्हणाले, "फक्त एक गोष्ट, तिने जर..." आणि स्क्रीनवर पुढच्या शिक्षकाची वाट बघा आलं. तिने जर काय, ते मला अजून माहीत नाही. अण्णांच्या शाळेतल्या पालकसभेला लोक बाकड्यांवर गुडघे अडकवून दोन-दोन तास बसत आणि सर कंटाळून चहा मागवत. ते काही फार चांगलं होतं असं नाही, पण वाक्य पुरं व्हायचं.

सायन्सच्या मॅडमची वेळ मी नोंदवायला गेले तोवर भरली होती. म्हणून मेल. मी लिहिला तो सरळ होता: माझ्या मुलीला फाउंडेशनला का बसवलं ते सांगा आणि तिला हायरला घ्या. लेकीने खांद्यावरून वाचला आणि किंचाळली, "आई, हे भांडण आहे!" तिने तो बदलला. त्याची सुरुवात 'आय वॉज वंडरिंग' अशी झाली आणि मधे दोनदा आभार आले. मला तो मेल वाचून आपल्याला काय हवंय तेच कळेना. पण दोन दिवसांत सायन्सच्या विभागप्रमुखांचा फोन आला, अर्धा तास बोलल्या. त्या मेलची ताकद मी मान्य केली.

मी तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवले होते. टार्गेट कशावरून आलं? प्रेडिक्टेड कोणी दिलं आणि कशावरून? टियर कधीपर्यंत बदलता येतो?

पहिल्याचं उत्तर ऐकून मी खुर्चीत बसले. तिच्या वर्गातल्या मुलांनी २०१९ मध्ये सॅट्स दिल्या होत्या. तेव्हा ही पुण्यात पाचवीत. मग टार्गेट कुठून आणायचं? तर आल्यावर शाळेने तिची कॅट चाचणी घेतली होती, संगणकावर. चार भाग असतात: शब्द, संख्या, आकृत्या आणि अवकाशातली मांडणी. बाकीचे तीन उत्तम होते, शब्दांचा पार घसरलेला. शाळेत येऊन तिला तीन आठवडे झाले होते! लेक म्हणते, त्यातले निम्मे शब्द ऐकलेच नव्हते, अंदाजे टिचक्या मारल्या. त्या टिचक्यांवरून इंग्रजीचं टार्गेट ४, सायन्सचं ५-५, आणि त्यावरून सायन्सचा वर्ग. त्या वर्गात फाउंडेशनच शिकवतात. दोन वर्षं तो आकडा कुणी खोडला नाही, कारण तो हिरवा होता.

यात कुणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. विभागप्रमुखांची बाजूही मला पटली. हायरला बसवायचं आणि कमी पडलं तर ४-३ च्या खाली काहीच नाही, थेट यू, म्हणजे ग्रेडच नाही. फाउंडेशनवर ५-५ पक्की. त्यांच्या जागी अण्णा असते तर त्यांनीही पोराला सेफ बाजूलाच ठेवलं असतं. फक्त हा सौदा आपल्या वतीने झालाय हे घरी कळायला हवं होतं.

प्रेडिक्टेडचं उत्तर जास्त माणसासारखं होतं. वर्गातल्या चाचण्या, मॉक (म्हणजे सराव परीक्षा), वही, आधीच्या वर्षीची अशीच मुलं, आणि मग, त्यांच्याच शब्दांत, थोडी आतली जाणीव. मॉकला कट-ऑफ आदल्या वर्षीचे लावतात. काही शिक्षक मूल ढिलं पडू नये म्हणून हात आखडता घेतात, काही हुरूप यावा म्हणून एक ग्रेड वाढवतात. अण्णांना सांगितलं तर ते खूश. "आम्ही प्रिलिमचे पेपर कडकच तपासायचो. पालक रडत यायचे. बोर्डात पंधरा मार्क वाढले की पेढे घेऊन यायचे." म्हणजे कराडात तपासणी कडक करून जे साधायचे, ते इथे एका रकान्यात लिहून देतात.

शिक्षकांचे अंदाज आणि यंत्राचे अंदाज यांचं भांडण या देशाने एकदा उघड्यावर बघितलंय. २०२० मध्ये परीक्षा रद्द झाल्या, शिक्षकांनी ग्रेड दिल्या आणि नियामक ऑफक्वालने त्या गणिती सूत्रातून काढल्या. १३ ऑगस्टला ए लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, निकाल लागला, शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडपैकी ३९ टक्क्यांच्या आसपास खाली आलेल्या. चार दिवसांत सूत्र मागे घ्यावं लागलं. आपल्याकडे पुढच्या वर्षी दहावीची परीक्षा रद्द झाली तेव्हा नववीचे मार्क आणि अंतर्गत गुण धरून निकाल लावला, ९९.९५ टक्के. माझा भाचा त्या बॅचचा. त्याला अजून घरात 'कोविड पास' म्हणतात आणि तो अजून चिडतो.

तिसरं उत्तर: बोर्डाकडे नोंदणीची मुदत २१ फेब्रुवारी. तडजोड अशी ठरली की फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या दुसऱ्या मॉकला तिला हायरचा पेपर द्यायचा. त्यात पाच-पाच धरली तर टियर बदलू. हायरमधला जो भाग वर्गात झालाच नव्हता तो घरी करायचा. मॅडमनी यादी पाठवली, पानभर.

मधेच जानेवारीत सिक्स्थ फॉर्मचा अर्ज. तिथे प्रेडिक्टेड ग्रेड भरायच्या असतात आणि आमच्याकडे छापील ५-५. न भरताच सोडून द्यावा असं वाटलं होतं. तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं, भरा. मॉकनंतर शाळेने सुधारून कळवलं तर आम्ही घेतो, आणि शेवटी जागा निकालावरच मिळते. अटी घालून ऑफर आली: गणितात ७, सायन्सला ६-६.

मग डिसेंबर ते फेब्रुवारी आमच्या डायनिंग टेबलवर जुन्या पेपरांचे गठ्ठे. सहा पेपर, प्रत्येकी सत्तर मार्क. तपासायचं काम माझ्याकडे. उत्तरपत्रिकेची किल्ली बोर्ड स्वतःच देतं, त्यात कुठल्या शब्दाला मार्क तेही लिहिलेलं असतं. लेक बरोबर उत्तर लिहायची आणि तो एक शब्द चुकवायची. मी लाल पेन वापरलं तर म्हणाली, इथे हिरव्याने तपासतात. नाही म्हटलं, हिरवं पुरे आता.

मॉकला हायरमध्ये ५-५ आली, अगदी काठावर. टियर बदलला, प्रेडिक्टेड ६-५ झालं. टार्गेटचा रकाना तसाच राहिला, तो म्हणे बदलत नाही.

२२ ऑगस्ट २०२४, गुरुवार, सकाळी आठला शाळेच्या हॉलमध्ये पाकिटं. लेकीने मला बाहेर गाडीत बसवलं. गणित: प्रेडिक्टेड ८, मिळाली ७. इंग्लिश लिटरेचर: प्रेडिक्टेड ६, मिळाली ५. इंग्लिश लँग्वेज, जिथे टार्गेट ४ होतं आणि अंदाज ५ चा: ६. इतिहास ५, अंदाजाप्रमाणे. सायन्स ६-६. गणिताचे ते अर्धवट वाक्य मला त्या क्षणी आठवलं. मराठीची जीसीएसई इथे नाहीच (गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दूची आहे), नाहीतर एक ९ घरबसल्या आली असती असं तिची आजी म्हणते. आजीने हिची मराठी वही बघितलेली नाही.

आता विद्यापीठाच्या अर्जात पुन्हा प्रेडिक्टेड, आणि तिथे तर त्यावर ऑफर ठरते. २०१६ चा एक अभ्यास आहे, त्यात ए लेव्हलचा अंदाज बरोबर ठरलेले विद्यार्थी १६ टक्के होते, आणि ७५ टक्के जणांना अंदाजापेक्षा कमी मिळालं होतं.

ऑक्टोबरात इयर ट्वेल्व्हचा पहिला रिपोर्ट आला. बायोलॉजीपुढे टार्गेट बी (ए लेव्हलला अजून अक्षरंच), चौकोन हिरवा. हे कशावरून काढलंय ते कुठे लिहिलंय म्हणून मी खालपर्यंत स्क्रोल केलं. लिहिलेलं नव्हतं. लॅपटॉप उघडला आणि मेल सुरू केला, 'आय वॉज वंडरिंग'. या वेळी लेकीला दाखवला नाही.